तळ्यात काहीही टाकू नये

आमच्या तळ्याच्या फाटकावर जी पाटी आहे तिचा मजकूर माझा. पाहुण्यांसाठीचं पत्रकही माझंच. येलहंक्यात तळ्याची देखभाल करणारी आमची जी मंडळी आहेत, त्यांच्या डोक्यात आलं की पुण्या-नागपूरहून आयटीवाल्यांचे आईबाप येतात, त्यांनी हे शहर हिरव्या पद्धतीने कसं बघावं ते मराठीतून सांगणारं काहीतरी हवं. मी इथेच जन्मलेली, नवरा गेल्यापासून एकटी, म्हणजे सगळ्यांच्या मते रिकामटेकडी. तेव्हा काम माझ्या गळ्यात पडलं. विमानाऐवजी रेल्वेने या, असं मी लिहिलं. टॅक्सीऐवजी बस, मेट्रो आणि आपले पाय वापरा. पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी घरून आणा. माशांना, पक्ष्यांना खाऊ घालू नका. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात, तळ्यात काहीही टाकू नये.

हे पत्रक आजवर कोणी चष्मा लावून, ओळन् ओळ वाचलं असेल तर माझ्या अक्काने. तिथूनच माझा वैताग सुरू झाला.

"तू लिहिलंयस तस्संच येणार मी," ती फोनवर म्हणाली. अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन पुण्याला गेली त्याला जन्म लोटला, तरी बोलताना मधेच कन्नडातलं एखादं स्वल्प, म्हणजे थोडं, एखादं सरी, म्हणजे बरं, येतंच. "जावई विमानाचं तिकीट काढत होते. मी म्हटलं, सरी हो, पण माझ्या बहिणीने नको म्हणून लिहिलंय."

"अगं, तुझे गुडघे! ते इतरांसाठी लिहिलंय."

"म्हणजे मी कोण?"

येण्याचं कारणही तिने त्याच फोनवर सांगितलं. "यंदा तळं भरलं म्हणालीस ना? मग आईची राहिलेली ओटी भरून टाकते."

आमची आई तळ्याची ओटी भरायची. पाऊस होऊन तळं सांडव्यावरून वाहायला लागलं की गल्लीतल्या कन्नड बायका सुपांतून बागिना, म्हणजे त्यांची ओटी, घेऊन निघायच्या, आणि त्यांच्या बरोबरीने आई खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी घेऊन. चपला काढून पायऱ्या उतरायची, पाण्याला हळदीकुंकू वाहायची आणि ओटी पाण्यात सोडायची. वडील गेले आणि ते बंद झालं. विधवेने ओटी भरायची नाही, तळ्याचीसुद्धा नाही. आई तरी बायकांबरोबर जायचीच. त्या पाण्याशी उतरल्या की ही वर काठावर उभी राहून त्यांच्या चपला राखायची.

पुढे तळंच आटलं. मग कित्येक वर्षं ते सांडपाण्याचं डबकं होतं, आणि अक्का माहेरी आली तरी ओटी भरावी असं तिथे काही नसायचं. अंथरुणाला खिळल्यावर आईचं एकच पालुपद, तळ्याची ओटी राहिली गं. गेल्या वर्षी ती गेली. यंदा गाळ काढून, झाडं लावून, ऑफिसांचे उंबरे झिजवून आम्ही ते तळं पुन्हा भरलेलं पाहिलं. अक्काचे यजमान ठणठणीत आहेत, त्यामुळे ओटी भरणार ती. मी नाही. याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. बोलायचं काय त्यात!

अक्का स्टेशनावर उतरली ती दोन कापडी पिशव्या आणि पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या घेऊन. मी रिक्षा ठरवायला गेले तर एक यायला तयार नाही आणि दुसऱ्याने तोंड उघडलं ते मीटर नसल्यासारखंच. "जाऊ दे की," अक्का म्हणाली, "पाय वापरा म्हणून लिहिलंयस." मग वापरले पाय. फुटपाथ उकरून ठेवलेला, उरलेल्यावर केबलची वेटोळी, आणि जिथे खरंच चालता येत होतं तिथून स्कूटरवाले मागून हॉर्न मारत येत होते. मी सगळ्या शहराला शिव्या घालत होते आणि अक्का माझा हात धरून, गुडघा टेकवत, एकदाही कुरकुर न करता चालत होती. त्यामुळे मला जास्तच चीड येत होती.

दुसऱ्या दिवशी खण घ्यायला मल्लेश्वरमला जायचं होतं. "मेट्रोने जाऊ," ती म्हणाली. मेट्रो आमच्या बाजूला अजून नुसत्या खांबांवर उभी आहे, हे पत्रकात लिहायचं मी विसरले होते. बसने गेलो. बायकांना तिकीट फुकट, पण आधार कार्ड इथलं लागतं. अक्काचं पुण्याचं. "जन्म इथला, शाळा इथली," ती कंडक्टरला अस्सल कन्नडमध्ये ऐकवत राहिली. त्याने हसत तिकीट फाडलं.

मल्लेश्वरमच्या दुकानात खण निघाला तो प्लास्टिकच्या पाकिटात. अक्काने पाकीट काढून परत दिलं. दुकानदाराने खण नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला. तिने तीही परत केली. फुलवालीशी तोच प्रकार, केळीच्या पानात बांध म्हणून हटून बसली. लोक बघायला लागले. मला लाज वाटली, आणि आपलंच लिहिलेलं कोणी खरं मानून वागतंय याची लाज वाटावी, याचाही राग आला.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. अक्का जरीची साडी नेसली होती. फाटकावरचा वॉचमन आमच्या ओळखीचा, वयस्कर, शांत माणूस. त्याने पिशवीत नारळ पाहिला आणि चेहरा पाडला.

"अम्मा, हाकबारदु," तो अक्काला म्हणाला. टाकायचं नाही.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, एक नारळ आणि मूठभर तांदूळ आहेत, आमच्या आईचं राहिलंय.

"नीवे हेळिद्दल्ला, मॅडम." तुम्हीच सांगितलंत ना. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मीच सांगितलं होतं, आणि नुसतं सांगून थांबले नव्हते. गौरी-गणपतीत याच फाटकावर मी एका बाईला बागिनाचं सूप घेऊन परत पाठवलं होतं. ती रडवेली होऊन गेली तरी मी ढळले नव्हते. आता माझ्या बहिणीसाठी फाटक उघड म्हणायला जीभ रेटेना.

"मग कुठे सोडायची?" अक्काने विचारलं.

विसर्जनासाठी बाजूला हौद बांधलाय, कल्याणी म्हणतात त्याला. मी तिला तिकडे नेलं. गणपती झाल्यावर त्यातलं पाणी काढून टाकतात, हे मला माहीत होतं, तरी नेलं. तळाशी वाळका पाला आणि एक कुत्रं झोपलेलं.

"या सिमेंटची ओटी भरू?" अक्का म्हणाली.

"मग मी काय करू? नियम आहे!"

"तूच केलास ना? मग तूच मोड."

"आज तुझा नारळ टाकू दिला की उद्या सगळा गाव येईल. निर्माल्य, थर्माकोल, मूर्ती, सगळं! गुडघाभर गाळात उभं राहून काढलंय आम्ही ते. तुला पुण्यात बसून काय कळणार?"

माझा आवाज चढला होता. फिरायला आलेले लोक वळून बघायला लागले. अक्का कुंपणाच्या जाळीशी गेली. पाणी तिथून हाताच्या अंतरावर, पण जाळी तिच्या डोक्याहून उंच. डाव्या अंगाला वरच्या वस्तीचं गटार पाटासारखं वाहत तळ्यात शिरतं, आणि त्याच्या तोंडाशी पांढरा फेस साचलेला असतो. त्याच्यासाठी आम्ही अर्जांवर अर्ज केलेत. त्याला कोणी वॉचमन अडवत नाही.

"हे चालतं?" अक्काने बोट दाखवून विचारलं.

मला खरोखर त्या जाळीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पायऱ्यांच्या जागी आता बाक आहेत. अक्का त्यांतल्या एकावर बसली, चपला काढल्या आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडीवर घेतली. मला वाटलं, बिचारी नुसतं तळ्याला दाखवून परत नेणार. मीही चपला काढून तिच्याजवळ बसले.

"ओढणी पसर," ती म्हणाली.

"कशाला?"

"पसर म्हणते ना."

मग माझ्या लक्षात आलं आणि डोक्यात तिडीक गेली. "मला चालत नाही. विसरलीस?"

"काही विसरले नाही. तळं भरलं ते कोणी, मी? स्वल्प गप्प बस आणि ओढणी धर."

तिने आधी हळद आणि मग कुंकू माझ्या कपाळाला लावलं. इतक्या वर्षांत त्या जागी कोणाचं बोट लागलं नव्हतं. मग खण, त्यावर नारळ, आणि ओंजळीने तांदूळ, आई घालायची तसे, घाई न करता. माझे हात ओढणीखाली जड झाले. मला बरं वाटायला हवं होतं. कुणी पुस्तकात लिहिलं असतं तर माझे डोळे तिथे भरून आले असते. मला आला तो संतापच.

"एवढं सोपं होतं?" मी म्हटलं. "मग आईची का नाही भरलीस?"

अक्काची ओंजळ तशीच राहिली.

"तुझ्या पिशवीत कुंकू असायचं, तांदूळ असायचे. तळ्यात पाणी नव्हतं, पण आई तर होती ना घरात!"

"ती हो म्हणाली असती?"

"विचारायचं होतंस."

तिने हातातले तांदूळ हळूच माझ्या ओढणीत सोडले आणि करंडा बंद करायला लागली. त्याचं झाकण तिच्याने नीट बसवेना.

वॉचमनने शिटी वाजवली, बंद करायची वेळ झाली होती. मी उठले. दोन्ही हातांत ओटी, पायांत चपला नाहीत, आणि त्या चाचपडताना एक बाकाखाली गेलेली. तेवढ्यात अक्का वाकली. गुडघे गेलेली बाई, बाकाला धरून, जरीची साडी मातीला लागली तरी वाकली, आणि माझ्या चपला उचलून, सरळ करून, माझ्या पायांपुढे ठेवल्या.