मधुकरचं अर्धंच छापलेलं वाक्य

मधुकर गेल्याची तार वडूजच्या आमच्या शेतकी फार्मवर आली, ती थेट साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी ती वाचली, "फार हुशार माणूस होता हो," म्हणाले आणि चहा मागवला. मी दारात उभा होतो. पाच आठवडे झाले, तो चहा माझ्या डोक्यातून जात नाही.

मधुकर उंब्रजचा. आम्ही दोघं एकाच वर्षी फार्मवर सहायक म्हणून लागलो. बहात्तरच्या दुष्काळानंतर कुठल्याशा मासिकात त्याने वाचलं, की कोळसा आणि तेल जाळून जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड दरवर्षी थोडाथोडा वाढतोय. वाचून सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. आपल्या गव्हाचं, ज्वारीचं मग काय होणार, हा प्रश्न त्याला चिकटला. फार्मच्या कोपऱ्यात त्याने बांबूच्या चौकटींवर प्लॅस्टिकचा कागद ताणून चार खोपटी केली, दोन गव्हाची, दोन ज्वारीची. प्रत्येक पिकाच्या एका खोपटात नुसती हवा. दुसऱ्याशेजारी माठात यीस्ट घालून गुळाचं पाणी आंबवायचं आणि निघणारा गॅस रबरी नळीने आत सोडायचा.

"गड्या, सरकारी फार्मात दारू गाळतोस व्हय?" मी विचारलं.

"हसून घे," तो म्हणाला. "उद्या हीच हवा साऱ्या रानावर असणार हाय. तवा कुठं पळशील?"

गॅसमधला गहू जोमाने वाढला. ओंब्या भरल्या, दाणा जास्त उतरला. ज्वारीत मात्र फारसा फरक दिसला नाही. साहेब खूश झाले. मधुकर तेवढ्यावर थांबला नाही. दोन्ही खोपटांतला गहू त्याने वेगवेगळा दळून आणला आणि बायकोला, इंदूवहिनींना, चपात्या करायला सांगितल्या. मी तिथेच होतो. गॅसमधल्या गव्हाची कणिक लाटता लाटता तुटत होती. "ह्यात जीवच न्हाई वो," वहिनी म्हणाल्या. नमुना तपासायला पाठवला, तर प्रथिनं कमी भरली. पुढच्या हंगामात त्याने फुलोऱ्यात गव्हाच्या खोपटांची तोंडं बंद ठेवून आत उष्मा वाढवला. दाणे सुरकुतले, बारीक राहिले. गॅसने जे वाढवलं होतं, ते उष्म्याने परत नेलं.

त्याने अहवालात एकच वाक्य लिहिलं: हवेतल्या वाढत्या गॅसमुळे गव्हाचं उत्पन्न वाढतं, पण दाण्याचा कस उतरतो, आणि सोबत उष्मा वाढला तर वाढीव उत्पन्नही हाती लागत नाही. साहेबांनी 'उत्पन्न वाढतं'च्या पुढे पूर्णविराम दिला आणि बाकीच्यावर लाल रेघ मारली. "लोकांना घाबरवायचं नाही. चांगलं तेवढं लिहा."

मधुकरने सही केली नाही. मी केली, आणि अहवाल तसाच छापला गेला. माझी बदली होईल, मुलांची शाळा मोडेल, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली... आज त्यातलं एकही लिहायच्या लायकीचं वाटत नाही.

महिन्याभरात त्याला कवठे महांकाळच्या खताच्या गोदामात टाकलं. शास्त्र शिकलेला माणूस पोती मोजायला! खोपटी मोडली. प्लॅस्टिकचा कागद साहेबांच्या घरच्या जळणावर झाकायला गेला. तो घेऊन जाणारा मीच होतो. त्याच गोदामात एका दुपारी मधुकरच्या छातीत कळ आली. मिरजेला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभेत साहेब म्हणाले, "वाढता कार्बन शेतकऱ्याला वरदान आहे, हे मधुकररावांनी सिद्ध केलं." मी उभा राहिलो. "त्यानं हे सिद्ध केलं नव्हतं, साहेब. उरलेलं वाक्य वाचून दाखवू का?"

"ही वेळ नव्हे," साहेब म्हणाले. आणि मी खाली बसलो. म्हणून ते वाक्य आज इथे पुरं छापायला दिलंय. ज्याला लाल रेघ मारायची त्याने आता खुशाल मारावी.

गेल्या रविवारी कवठे महांकाळला वहिनींकडे गेलो. घरामागे भिंतीला लागून तुपाच्या रिकाम्या डब्यांत गहू उभा होता. अर्ध्या डब्यांवर प्लॅस्टिक, शेजारी माठ. तिथेही त्याने प्रयोग थांबवला नव्हता तर... वहिनींनी वही आणून दिली. मधुकरचं बारीक, तिरकं अक्षर एका पानावर थांबलं होतं. त्याच्याखाली, रेघ न सोडता, मोठाली ओबडधोबड अक्षरं सुरू झाली होती. पाणी किती घातलं, रोप किती वाढलं, पान कुठलं पिवळं पडलं. तो गेल्यापासूनचा एक दिवस सुटला नव्हता. तेराव्याचाही नाही.

"वहिनी, हे तुम्ही लिहिलंत?"

"चौथीपतुर शिकलीया म्यां," त्या म्हणाल्या. "कुणीतरी खरं लिहाया पायजे का न्हाई, भावजी? तुमी तर सही करून मोकळं झालासा."

आवाज चढला नव्हता. वही माझ्या हातातून घेऊन त्या डब्यांपाशी बसल्या आणि पट्टी लावून त्या दिवसाचं रोप मोजू लागल्या.