अक्कांच्या वाती आणि माझा आलेख

वाती वळणाऱ्या बाईचा हात थरथरतोय, असा रिपोर्ट मी दिला. सहीसकट.

बाई म्हणजे बसवनगुडीच्या सुशीलाअक्का. त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. आमच्या क्लिनिकमध्ये अशा पेशंटच्या मनगटाला आम्ही सेन्सर बांधतो. दिसायला घड्याळ, पण वेळ दाखवत नाही. हात किती आणि कुठल्या लयीत हलतो ते टिपतं. गोळीचा असर कधी चढतो, कधी उतरतो, हे त्यावरून कळतं. "रोजची कामं नेहमीसारखी करा," असं मी अक्कांना बजावलं होतं. कामं कोणती, हे विचारायचं राहिलं.

आठवड्याने आलेख पाहिला. सकाळच्या गोळीनंतर हात शांत व्हायला हवा, तर नेमका तिथेच कंपाचा डोंगर!

"डोस वाढवायचा?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"डेटा तरी तेच म्हणतोय," मी कॉलर ताठ करून म्हणालो.

डोस वाढणार हे घरी कळवलं, तर संध्याकाळी अक्कांच्या यजमानांचा, अण्णांचा, फोन आला. "मागे डोस वाढवला तेव्हा ही रिकाम्या खुर्चीला कॉफी घ्या म्हणत होती रे. मला ओळखेना. स्वल्प थांबा की."

त्यांची समजूत घालायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी गेलो. अक्का खिडकीशी बसून, तळहातांत कापूस घेऊन भराभर वाती वळत होत्या. मी सेन्सर मोबाइलला जोडला. आलेख उसळलेला. मला कॉफी द्यायला त्या थांबल्या. आलेख सपाट.

"अक्का, हे रोज चालतं?"

"गोळी चढली की तेवढा वेळ हात माझं ऐकतो. मग बनशंकरीच्या देवीसाठी वाती करून ठेवते. दुपारनंतर कापूससुद्धा धरवत नाही."

म्हणजे मी जिला आजार ठरवलं, ती त्यांची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ होती.

तिथूनच मॅडमना फोन केला. भरपूर बोलणी खाल्ली. डोस होता तोच राहिला. अण्णा अक्कांच्या पदरावरचा कापूस उगाच वेचत बसले.

आता सेन्सर बांधण्याआधी मी पेशंटला विचारतो, दिवसभर काय करता? या तपासणीला बॅटरी लागत नाही.

त्या दिवशी निघताना अक्कांनी माझ्याही हातात कापूस दिला. मी वळलेल्या वातीचा सुरवंट झाला. अक्कांनी तो उजेडात धरून नीट पाहिला.

"अहो," त्या अण्णांना म्हणाल्या, "मॅडमना परत फोन लावा. वाढीव गोळी ह्याला द्या म्हणावं."