दोन्ही बाजूंनी फिरणारी कडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी साधं पोट दुखलं तरी सांगतो. आठ वर्षं झाली. तुम्हाला लिहून सांगतोय, कारण गेल्या आठवड्यात मुरब्याच्या किनाऱ्यावर सगळं गाव आनंदात असताना एक प्रश्न विचारला गेला, आणि मी पुन्हा खोटं बोललो.

पण आधी आनंदाचं सांगतो. तो खरा होता, त्याला मी कमी करणार नाही.

खाडीच्या तोंडाशी एक होडी बुडाली होती. नवं इंजिन, नवं जाळं, सगळं पाण्याखाली. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी तिथलं पाणी अर्धा तास थांबतं, तेवढ्याच वेळात कोणीतरी खाली जाऊन दोर बांधायला हवा होता. गेली आमची रोशनी. दामूकाकांची मुलगी, सिलिंडर बांधून खाली उतरणारी आमच्या गावातली पहिली बाई. आणि तिच्या मनगटावर होतं मी निवडलेलं घड्याळ.

घड्याळ म्हटलं की आमच्या पट्ट्यात लोक माझ्याकडे येतात. बोईसर-तारापूरच्या बाजूला जेटीचे खांब खरवडणारी, कारखान्यांना पाणी ओढणाऱ्या नळांच्या जाळ्या साफ करणारी जेवढी माणसं आहेत, त्यातल्या बहुतेकांची घड्याळं माझ्या हाताखालून गेलीत. तबकडीवर पन्नास मीटर लिहिलेलं असलं तर ते हात धुवायला ठीक, दोनशेच्या खाली मी बघतही नाही. चावी आट्यांची हवी, पिळून बसणारी. काटे चिखलासारख्या पाण्यात चमकायला हवेत, कारण आमचा समुद्र काही चित्रातला निळा नाही. पट्टा पाण्यात घालायच्या जाड सुटाच्या बाहीवरून बसेल इतका लांब हवा. घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा — आतून धुकं धरलं तर ते घड्याळ परत. आठ वर्षांत माझं एकही घड्याळ पाण्याखाली फसलेलं नाही. हे मी छाती पुढे काढून सांगतो.

आठ वर्षांत. त्याच्या आधीचं?

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी झालो तेव्हा आईने शेजारच्या चार घरांत पेढे वाटले आणि पाचव्या घरी गुणपत्रिका नेऊन दाखवली, त्यांना वाचता येत नव्हतं तरी. नोकरी लागली ती पाणबुड्यांच्या एका टोळीत. टोळीत माझं नावच पडलं — बीएस्सी. "बीएस्सी, वाच रं काय लिवलंय." "बीएस्सीला विचारा, त्याला इंग्लिश कळते." चिडवायचे, पण मला ते गोड लागायचं. का लागू नये?

दामूकाका टोळीत सगळ्यात जुने. खालच्या पाण्यात डोळे मिटून हाताने खांब ओळखायचे. मला श्वास सावकाश घ्यायला त्यांनीच शिकवलं.

तर, टोळीसाठी घड्याळं घ्यायची ठरली. गढूळ पाण्यात सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा बारीक काटा धड दिसायचा नाही, म्हणून नियम असा होता — खाली जाताना घड्याळाभोवतीच्या कडीची खूण मिनिटकाट्यावर आणायची, आणि काटा तिथून तीस मिनिटं पुढे गेला की वर यायचं. घड्याळं निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी खोक्यावरचं इंग्रजी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. डायव्हर स्टाइल. आणि अर्थही सांगितला — स्टाइल म्हणजे पद्धत. पाणबुड्यांच्या पद्धतीचं घड्याळ.

काका म्हणाले, "मंग झालं तर. आपल्याच पद्दतीचं हाय."

तुम्ही हसाल. स्टाइल म्हणजे रूप. दिसायला पाणबुड्यांसारखं, एवढंच. खरं पाणबुड्यांचं घड्याळ असतं त्याची कडी एकाच बाजूला फिरते, उलटी. कशाचा धक्का लागला तर वेळ जास्त झालेला दिसतो, माणूस लवकर वर येतो, जिवाला धोका नाही. आमच्या घड्याळांची कडी दोन्ही बाजूंनी फिरायची. ते मला आवडलंसुद्धा होतं. मी सगळ्यांना फिरवून दाखवलं होतं — बघा, कशी मऊ आहे.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीची मला लाज नाही, लाज पुढच्याची आहे.

महिन्याभराने आम्ही दोघे एका जेटीचे खांब साफ करत होतो, ते एका खांबाशी, मी दुसऱ्याशी. मी वेळेवर वर आलो. काका आले नाहीत. पाच मिनिटं. मग आम्ही वरून त्यांच्या कमरेचा दोर ओढला. काका वर आले ते नाकातून रक्त घेऊन, तोंड उघडं, डोळे लाल. सिलिंडर रिकामा. होडीत आडवे पडून ते आधी खोकले, मग मनगट वर करून म्हणाले, "अजून धा मिनटं हायत ना रं?"

मी त्यांच्या मनगटावरून घड्याळ काढलं. कडीची खूण पुढे सरकलेली होती, म्हणून झालेला वेळ कमी दिसत होता — कडी खांबाला घासली असणार. मी अंगठ्याने कडी फिरवली. इकडे फिरली. तिकडेही फिरली. आणि मला सगळं कळलं. एका क्षणात कळलं हो. बीएस्सी होतो मी.

ठेकेदार दुसऱ्या होडीतून येत होता. तो पोचायच्या आत मी कडी अंगठ्याने बरोबर जागेवर आणून ठेवली.

त्याने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "काकांना घड्याळ वाचता आलं नाही."

एवढंच वाक्य. ओरडून नाही, हळू, काळजीच्या आवाजात. आणि काकांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. खूण जागेवर, काटा तिसाच्या पुढे. ते म्हणाले, "आसंल. माजंच चुकलं. शिकलेला पोरगा उगाच कशाला सांगंल?"

त्यानंतर त्यांना कोणी खाली पाठवलं नाही. वर बसून दोर धरायचं काम दिलं. डोळे मिटून खांब ओळखणारा माणूस — दोर धरायला. पुढच्या हंगामात ते टोळी सोडून घरी जाळी विणायला बसले. मी आठवड्याभरात सगळ्यांची घड्याळं बदलून घेतली. नवं मॉडेल आलंय म्हणालो. लोकांनी माझं कौतुक केलं. पुढे टोळीचा मुकादमही मीच झालो.

आणि रोशनीने पाण्याखाली जायचं शिक्षण पूर्ण केलं तेव्हा काकांनीच तिला माझ्याकडे पाठवलं. घड्याळ बीएस्सीकडूनच घे म्हणाले.

तर मुरब्याचा किनारा. रोशनी खाली गेल्यापासून काका गुडघाभर पाण्यात उभे, ओठ हलत होते, मिनिटं मोजत असावेत. सव्विसाव्या मिनिटाला तिचं डोकं वर आलं आणि तिने हात उंच केला — दोर बांधला. चाळीस माणसांनी दोर ओढला, होडी चिखलातून सुटून वर आली. कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. बायकांनी रोशनीला ओल्या सुटासकट मिठ्या मारल्या. "काका, पोरगी तुमच्या वरची निगाली," कोणीतरी म्हणालं. काका म्हणाले, "वरची कशी? खालची. मी एवड्या खाली कदी गेलो नाय." असं हसताना मी त्यांना आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याने कडी फिरवून बघितली. उलटी गेली. सुलटी जाईना.

"मुद्दाम तशी असते, बाबा," रोशनी म्हणाली, आणि का ते सांगितलं.

काकांनी कडी पुन्हा एकदा फिरवून बघितली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग आपली दोनी बाजूंनी कशी फिरायची रं, बीएस्सी?"

"जुनं मॉडेल होतं, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा लेकीकडे वळले.

घड्याळ चुकीचं होतं. ते मी निवडलं होतं. कडी मी जागेवर आणून ठेवली. वाचता आलं नव्हतं ते मला.

हा कागद तुमच्या आधी काकांच्या घरी जाईल. मी सोबत जाईन, पण वाचून दाखवणार नाही. ते सातवी शिकलेत, पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. हेही वाचतील.

त्यांना वाचता येतं.