न वाचता वाचणारी हंसा

१९९१च्या नोव्हेंबरात भाईंदरच्या एका मराठी शाळेत तिसरीचं वाचन चाललं होतं. हंसा उभी राहून घडाघडा वाचत होती आणि वासंतीबाई समाधानाने ऐकत होत्या. मधेच तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली. चित्र बदललं, धडा बदलला, तरी हंसा थांबली नाही. जे पान डोळ्यांसमोर नव्हतंच, ते ती शब्दन्‌शब्द म्हणत राहिली.

पोर वाचतच नव्हती, हे बाईंच्या लक्षात आलं. बारा वर्षांची नोकरी, त्यातली तीन गिरगाव सोडून भाईंदरच्या जेसल पार्कात राहायला आल्यापासून याच शाळेत. आपल्याला पोरं कळतात, अशी त्यांची समजूत होती. मधल्या सुट्टीत त्यांनी हंसाला थांबवून फळ्यावर ‘मीठ’ लिहिलं. तिचे आईबाप मिठागरात राबत, पण तो शब्द तिला ओळखता आला नाही.

“दुसरी पोरं वाचतात ते आयकते न मनान ठेवते,” ती खाली बघत म्हणाली. “मना वाचता न्हाय येत.”

आठवडाभरात अशी आणखी सहा मुलं निघाली. शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब फेब्रुवारीत यायचे होते. मुख्याध्यापक पंढरीनाथ सावंतांनी बाराखडी रोज दहादा गिरवून घ्यायला सांगितलं. बाईंनी दोन आठवडे तेही केलं. मुलं सुटी अक्षरं ओळखू लागली, शब्द आला की अडत. त्यातच हंसाची आई सरूबाई भेटून गेली. पोर यंदा नापास झाली तर घरी बसवणार, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. ती चिडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

ऐकून अख्खा धडा पाठ करणाऱ्या पोरीचे कान किती तयार असतील, हा विचार बाईंना काही सोडेना. मग त्यांनी रोज एक तास पुस्तकं मिटून ठेवली. मुलं टाळ्या वाजवत शब्दांचे तुकडे पाडू लागली, मि-ठा-ग-र. “‘बगळा’मधला ‘ब’ काढला तर काय राहील?” बाईंनी विचारलं. “गला,” हंसा म्हणाली आणि स्वतःच हसली. घरच्या बोलीत ‘ळ’ नव्हता. तो वेगळा ऐकायला तिला चार दिवस लागले. पुढे मुलं आपापल्या गोष्टी सांगत आणि बाई त्या जशाच्या तशा फळ्यावर उतरवत. ‘बगला आयला, पाण्यान उबा रायला.’ खाली पुस्तकातल्या भाषेत तेच वाक्य. मुलं शब्दांखाली बोट फिरवत दोन्ही वाचत.

एकदा सावंतसरांनी दारातून फळा पाहिला आणि बाईंना बोलावून घेतलं. साहेबांच्या नजरेस हे पडलं तर बाईंच्या गोपनीय अहवालात लिहावं लागेल, असं त्यांनी बजावलं.

“तिच्या तोंडातली भाषा तिला आधी फळ्यावर दिसू दे, सर,” बाई म्हणाल्या. “पुस्तकातली मग येईल.” दुसऱ्या दिवशीही त्यांनी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं हंसालाच उठवलं आणि हातात मुलांचं एक मासिक दिलं. तिने सवयीने शेजारणीच्या तोंडाकडे पाहिलं, पण ते पान कोणीच वाचलेलं नव्हतं. ती एकेक अक्षर जोडत निघाली आणि ‘होडीवाला’पाशी अडली. साहेबांचं पेन टेबलावर टकटकू लागलं. शब्द बाईंच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. हंसाचं बोट फ्रॉकवर चार वेळा आपटलं.

“हो-डी-वा-ला. होडीवाला.”

चार ओळींना तीन मिनिटं लागली. काय वाचलंस, असं साहेबांनी विचारलं.

“त्याची होडी गलत व्हती,” हंसा म्हणाली, “न त्यानं कोनाला सांगलं न्हाय.”

सावंतसरांनी डोळे मिटले. साहेबांनी शेरा लिहिला : वाचन मंद, अर्थ चांगला समजतो.

एप्रिलमध्ये हंसा जेमतेम पास झाली. सातांपैकी दोघं तिसरीतच राहिली. सरूबाईने शब्द पाळला आणि हंसा चौथीत गेली, कधीकधी धाकट्याला कडेवर घेऊन. जूनमध्ये तिसरी-चौथीतली न वाचणारी सगळी मुलं सावंतसरांनी वासंतीबाईंच्या वर्गात पाठवली, एकूण एकतीस. ही शिक्षा की भरवसा, हे विचारायचं बाईंनी टाळलं. मुलं दारात उभी होती आणि बसायला पट्ट्या कमी पडत होत्या. त्या आणायला बाई शेजारच्या वर्गात गेल्या.