गंगाबाईंचा लेडीज जिना

गुजरातेतल्या आमच्या संस्थानी शहरात, मांडवीजवळच्या रूपविलास टॉकीजला बायकांसाठी बाजूनं वेगळा जिना होता. वर लेडीज बाल्कनी. गंगाबाई त्या जिन्यावरच्या डोअरकीपर. सासरे संस्थानच्या पायदळात होते, नवरा लवकर गेला, पदरात मूल नाही. बुधवारच्या दुपारच्या खेळाला आम्ही तान्ही मुलं घेऊन जायचो. वरच्या व्हरांड्यात, कठड्याला लुगड्यांच्या झोळ्या बांधून गंगाबाई ती सगळी सांभाळत. आईच्या तिकिटावरचा खुर्चीचा नंबर चिठ्ठीवर लिहून मुलाच्या झबल्याला टाचायच्या. खेळ सुटला की आम्ही जागेवरच बसून राहायचं, त्या मूल आणून देत. जिन्यात चेंगराचेंगरी नको म्हणून ही पद्धत.

१५ जानेवारी १९६९, बुधवार. मी बावीस वर्षांची, शिवांगी आठ महिन्यांची. माझ्या शेजारी कमला नावाची, वाडी भागातली एक अनोळखी बाई होती. तिच्या पुढ्यात एक भला मोठा अंबाडा आला, ती बुटकी, म्हणून मी तिला माझी खुर्ची दिली. खेळ संपल्यावर गंगाबाईंनी अंधुक उजेडात नंबर पाहून मुलं मांडीवर ठेवली. थंडीचे दिवस. दोन्ही मुलं नाकापर्यंत दुपट्यात गुंडाळलेली, गाढ झोपलेली.

दांडिया बाजारात घरी येऊन लंगोट बदलायला घेतला, तर माझ्या मुलीचा मुलगा झाला होता.

तासाभरात दोन्ही घरं टॉकीजच्या दारात हजर. मुलं आपापल्या आयांकडे गेली. मग दोघींच्या सासवांनी गंगाबाईंना जे सुनावलं, ते सगळ्या मांडवीनं ऐकलं. गंगाबाई एवढंच म्हणाल्या, "चूक झाली माझी." खुर्च्या आम्ही बदलल्या होत्या, आणि सासूपुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. कमलाचीही नाही.

पुढच्या बुधवारपासून चिठ्ठी गेली. आईनं आपला हातरुमाल झोळीला बांधायचा आणि स्वतः येऊन सोडायचा. रुमालाला आईचा वास असतो, मूल कमी रडतं, हा वरचा फायदा.

घरोघर केबल आली आणि १९९३ साली टॉकीज बंद पडलं. मालक दिनकररावांनी इमारत फ्रिज-टीव्हीच्या गोदामाला द्यायचं ठरवलं. जिन्याच्या किल्ल्या परत मागितल्या, तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या गंगाबाईंनी वरचा व्हरांडा पाळणाघरासाठी मागितला. सुना नोकरीला लागल्या होत्या, मुलं ठेवायची कुठं हा घरोघरचा प्रश्न. दिनकरराव हसले. म्हणाले, पुढच्या नवरात्रातल्या नवमीपर्यंत दहा मुलं दाखवा, नाहीतर किल्ल्या द्या.

त्या नवरात्रापर्यंत चारच मुलं आली. चौकशीला बायका येत, आणि जिन्याखाली कोणीतरी त्यांना ती जुनी गोष्ट सांगे.

भोंडल्याला आमच्या वाड्यामागच्या अंगणात बायका जमल्या होत्या. शिवांगी बँकेत होती, तिची अवनी सहा महिन्यांची, रजा संपत आलेली. कोणीतरी तिला गंगाबाईंचं नाव सुचवलं. लगेच दुसरी म्हणाली, "ठेव बाई, पण संध्याकाळी उघडून बघून घे. सकाळी मुलगी ठेवायची न् संध्याकाळी मुलगा, त्यांच्याकडे तशी सोय आहे." सगळ्या हसल्या. शिवांगीही हसली. गंगाबाई पाटावरच्या हत्तीजवळ बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि खिरापतीचा डबा पुढे ओढला.

मी उभी राहिले. म्हणाले, "बदललेली मुलगी ही माझी शिवांगी. खुर्च्या मी आणि कमलानं बदलल्या होत्या, आणि गंगाबाईंना सांगितलं नव्हतं. नंबर त्यांचा बरोबर होता. चूक आमची."

शिवांगी माझ्याकडे बघतच राहिली.

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," गंगाबाई म्हणाल्या. "तुझी सासू काय चीज होती, तेही ठाऊक होतं. खिरापत ओळखा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवांगी अवनीला घेऊन रूपविलासचा जिना चढली. बदललेली मुलगीच आपलं मूल ठेवते म्हटल्यावर गोष्टीतला दम गेला. सुभानपुऱ्याच्या फ्लॅटमधून दोघी आपली मुलं घेऊन आल्या, कमलाच्या समरजितनं, म्हणजे त्या दिवशी माझ्या घरी आलेल्या मुलानं, आपली जुळी पाठवली. आणखी दोन मुलं गुजराती घरांतली, त्यांच्या आया गंगाबाईंना गंगाबा, म्हणजे गंगाआई, म्हणू लागल्या.

नवमीला दिनकरराव किल्ल्या न्यायला आले. मीही तिथंच होते. कठड्यावर रुमाल बांधलेल्या अकरा झोळ्या हलत होत्या. दिनकरराव कुजबुजत मोजत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि शेवटच्या झोळीतलं मूल जागं झालं. गंगाबाईंनी ते उचलून त्यांच्याच हातात दिलं. दिनकरराव ते जोजवत राहिले. जाताना विचारून गेले, व्हरांड्याला पंखा लावून देऊ का.

पाळणाघर चौदा वर्षं चाललं. गोदामवाले दोनदा बदलले, जिन्याच्या किल्ल्या मात्र गंगाबाईंच्याच कनवटीला राहिल्या. शिवांगी रोज सकाळी रुमाल बांधून वळली की त्या जिन्यावरून हाक मारत, "जागा बदललीस तर सांगून जा गं."