दादाच्या तोंडी घातलेले शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच — आणि जिला सांगायला हवं होतं, तिच्यासमोर बसून मी आजही चहा पिते. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमतंय बहुतेक.

माझा दादा चाकणला एका कंपनीत होता, प्रेसशॉपमध्ये. तिसरी शिफ्ट संपवून सकाळी घरी येताना हायवेवर एका कंटेनरनं त्याची मोटरसायकल उडवली. घरात उरलो तिघी — आई, वहिनी आणि मी. आईची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. तिला उठवणं, अंघोळ घालणं, भरवणं सगळं वहिनीच करायची. दादा गेल्यावरही करतच राहिली. मी ताथवड्याच्या एका कॉलेजात ऑफिसला जायचे. आणि माझं लग्न ठरत आलं होतं — हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे मी स्वतःला जरा बरी दाखवेन.

वर्ष सरल्यावर वहिनीला स्थळ आलं. तिच्या भावानंच लातूरहून येऊन आणलं. चिंचवडचा माणूस, बायको वारलेली, बोलायला शांत. वहिनीनं ते सगळ्यांत आधी मला सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"मला हो म्हणावंसं वाटतंय, स्वाती. पण एकदा यांना विचारता आलं असतं तर..."

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला एक बाई होती. तिच्या अंगात गेलेली माणसं येतात, असं लोक म्हणायचे. वहिनीला तिथं जायचं होतं. मी सोबत येते म्हणाले. मी शिकलेली, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. नव्हता म्हणूनच तर मला ते सुचलं — नाही का?

आदल्या दिवशी ऑफिसमधून लवकर निघून मी एकटीच तिच्याकडे गेले. मॅक्सी घातलेली, नाकावर चष्मा, मटार सोलत बसलेली साधी बाई. कोण गेलंय, कोण विचारायला येणारे, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिची खात्री कशानं पटंल?"

इतकं सरळ विचारलं तिनं. आणि मला माहीत होतं कशानं पटेल.

आमचं घर दोन खोल्यांचं, मध्ये नुसतं प्लायवूड. दादा वहिनीला एकटं असताना सुपरवायझर म्हणायचा. दुसऱ्या शिफ्टवरून रात्री आल्यावर, हजेरी लावल्यासारखं, पलीकडून त्याचं हळूच यायचं — "सुपरवायझर, आमचं पंचिंग करून घ्या." मग वहिनी तोंड दाबून हसायची. ते फक्त त्या दोघांचं होतं. मी ऐकायचे. कानावर पडायचं असं नाही, मी ऐकण्यासाठी जागी राहायचे.

ते शब्द मी त्या बाईला देऊन टाकले. दादाला डावा खांदा चोळायची सवय होती, तेही सांगितलं.

"आणि त्यानं काय म्हणायचंय?"

"आईला सोडून जाऊ नको, एवढंच."

ती मटार सोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही गेलो. पत्र्याची खोली तापलेली, उदाचा धूर, भिंतीला टेकून बसलेल्या चार बायका. कालची बाई पाटावर बसली होती — पण ती कालची वाटतच नव्हती. मान खाली गेली. श्वास जड झाला, पुरुषासारखा. मग तिचा हात डाव्या खांद्यावर गेला. वहिनी ताठ झाली.

"सुपरवायझर... आमचं पंचिंग करून घ्या."

वहिनी रडेल असं मला वाटलं होतं. ती हसली. तोंडावर पदर दाबून, अगदी तसंच. दादा गेल्यापासून तिचं ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं. आणि त्या हसण्यावरच बाई म्हणाली, "आईला सोडून जाऊ नको." वहिनी म्हणाली, "नाही जाणार. नाही हो जाणार."

तिथं संपायला हवं होतं. मी तेवढंच तर सांगितलं होतं. पण बाईची मान माझ्याकडे वळली. डोळे मिटलेलेच. तिनं बोटांनी पाटावर वाजवलं — टक, टक. म्हणाली, "बारके, झोप आता."

दादा मला बारके म्हणायचा. मी जागी आहे हे कधीतरी त्याला कळायचं. मग तो प्लायवूडवर असंच वाजवून, हेच म्हणायचा.

मी हे तिला सांगितलं होतं का? आमचं बोलणं मी किती वेळा आठवून पाहिलंय. नाही सांगितलं. तिनं ओळखलं असेल — जिला असे शब्द ठाऊक, ती जागीच राहिली असणार. धाकटीला बारके कुणीही म्हणतं. पण ते वाजवणं? आणि तो खरंच आला असेल, तर मी त्याच्या तोंडी शब्द घालत होते तेव्हाही तो तिथंच होता. आणि तो रागावला नाही. याचीच मला जास्त भीती वाटते.

वहिनीनं स्थळाला नकार कळवला. माझं लग्न झालं. आई आणखी सात-आठ वर्षं जगली, गेली ती वहिनीच्या मांडीवर. वहिनी आता त्या दोन खोल्यांत एकटी असते. दादाचा आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून ती आणखी कुठं कुठं जाऊन आली, अगदी आळंदीपर्यंत. पण ते शब्द तिथं कुणालाच सांगता आले नाहीत. त्यामुळे दापोडीची बाई तेवढी खरी, अशी तिची खात्री झालीय. कुणाच्या घरात माणूस गेलं की कुठं जायचं ते लोक वहिनीलाच विचारायला येतात, कारण ती खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा शेजारची एक पोरगी बसली होती. नवरा जाऊन थोडेच दिवस झालेले. वहिनी तिला सगळं सांगत होती — खांदा, हाक, सगळं. सांगताना लाजतही होती. ऐकून झाल्यावर ती पोरगी माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही होतात ना तिथं? खरंच तेच बोलत होते?"

वहिनी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "हो. तोच होता."