ट्यूबलाइटसमोरचा ग्लास

माझ्या बाबांनी नोकरीभर लिंबाचं कोल्ड्रिंक तपासलं, आणि त्यात लिंबाचा रस नव्हताच.

हे कळलं तेव्हा मी शाळेत होते. भयंकर चिडले.

"मग लिंबू लागतं कसं?"

"रस खंयचो गो? सालीचा तेल आसता," बाबा त्यांच्या घरच्या मालवणीत म्हणाले.

मग तेल वर का तरंगत नाही? डिंकाने धरून ठेवतात म्हणे. असा प्रश्न विचारला की बाबा खूश, आणि मला अख्खी बाटली.

परदेशी कोला देशातून गेली आणि आपली लिंबू-संत्र्याची ड्रिंक्स जोरात चालली. तेव्हाच बाबा मरोळच्या प्लांटमध्ये लागले. दुकानांतून परत आलेल्या बाटल्या धुऊन, भरून पांढऱ्या लाइटसमोरून सरकायच्या. आत स्ट्रॉ, मुंगी, विडीचं थोटूक राहिलंय का, ते बघायचं. बस.

सवय घरी आली. आमच्या दहिसरच्या घरात चहा सोडून सगळं ट्यूबलाइटसमोर धरलं जायचं. माझं खोकल्याचं औषधसुद्धा.

घरात ठीक होतं. पण मुलुंडला, माझ्या लग्नाच्या बैठकीत?

मुलगा मला आवडला होता. खूप. फक्त मोठ्यांचं जमायचं बाकी होतं.

त्याच्या आईने नेमकं तेच ड्रिंक आणलं. बाबांनी ग्लास उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला आणि एक डोळा मिटला.



"ग्लास धुतलेत हो आम्ही," त्या म्हणाल्या. चेहरा पडलेला.

मी मनात म्हटलं, लागली वाट.

"ग्लास झकास आहे, ताई. मी ढग बघतोय."

"कसला ढग?"

मग काय, बाबा सुरूच झाले. "हा गढूळपणा मुद्दाम आणतात. पारदर्शक दिलं ना, तर लोकांना नुसता सोडा वाटतो. लिंबू पिळल्यासारखं दिसलं की जीभ पण मानते."

"काय सांगता!" त्यांनी स्वतःचा ग्लास वर धरला. मग सासऱ्यांनी. मग सगळ्यांनीच. पोहे गार झाले, पण लग्न ठरलं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी सासूबाईंनी त्यांच्या फोटोपुढे ठेवायला तेच ड्रिंक ओतलं. ठेवण्याआधी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. एक डोळा मिटला.

"क्लीन आहे हो, व्याही. घ्या."

मग आम्ही दोघी खूप रडलो.

बाबा, श्रद्धांजली वगैरे मला नीट लिहिता येत नाही.
ग्लास ठेवलाय. गॅस जायच्या आत प्या.